रंगूबाईंच्या हळदीची चार बटणं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कामतघर गावातल्या निम्म्या लग्नांचे यजमान सन्माननीय बाळारामशेठ. व्यासपीठावर मांडी सावरून बसलेले शेलारच्या आणि पडघ्याच्या बेंजो पार्ट्यांचे मास्तर. आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांना त्या मखमली खुर्चीत बसवायला आम्हा चौघांना पाव तास लागला, त्या आमच्या रंगूबाई. समोर बसलेल्या माझ्या आया-बहिणी, कापडाच्या लूमवरची शिफ्ट बदलून आलेले दोस्त, पहिल्या रांगेतल्या सफियाखाला. आणि मागे दाराशी उभं राहून जेवणाचा वास घेणारे सगळे रसिकजन हो! अनंताचा सर्वांना नमस्कार आणि सलाम.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे लाईट साडेसातला जाणार. म्हणजे माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत. त्यानंतर हा माईक बंद, पंखा बंद, आणि अनंताही बंद. टाळ्या आत्ताच वाजवताय? बरं आहे.

मी बेंजो वाजवणारा माणूस. तीस वर्षं बटणं दाबतोय आणि तारा छेडतोय. माईक रोज समोर असतो, पण तो वाद्यासाठी. आज पहिल्यांदा तो तोंडासमोर आलाय, तर बोटं बटणं शोधतायत. काय म्हणालात रंगूबाई? रंगूबाई म्हणतायत, "बोल रं लवकर, माझं गुडघं दुखतान." ऐकलंत? सत्कार त्यांचा, आणि हुकूमही त्यांचाच!

रंगूबाई म्हणजे आमच्या धवलारीण. हितेश पोरा, तो मोबाईल खाली ठेव, हे तुम्हा नव्या पोरांसाठीच सांगतोय. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीला धवले गातात. धवलारीण एक ओळ टाकते आणि मांडवातल्या सगळ्या बाया तीच ओळ उचलतात. कुणी अर्थ विचारत नाही, कुणी थांबत नाही. धवलारणीने टाकली की उचलायची. देवांना बोलवायचं, वाडवडलांना बोलवायचं, मामा-मावश्यांना नावानिशी मान द्यायचा. हे सगळ्याच धवलारणी करतात. पण रंगूबाईंची स्वतःची एक रीत आहे. सगळ्यांची नावं झाली की शेवटी त्या न आलेल्यांची नावं घेतात. आणि नुसती नावं नाहीत, का आला नाही तेही गातात!

ह्या रीतीने काय काय झालंय म्हणून सांगू! शेलारला एका हळदीत नवऱ्याचा सख्खा काका रुसून घरी बसला होता. शेतीचा बांध त्याने हातभर पुढे सरकवला होता, आणि भावाने जाब विचारला म्हणून हाच रुसला. रंगूबाईंनी ओळ टाकली, काका नाय आयला गो, बांध त्यानी कोरला. दोनशे बायांनी ती उचलली. काका चार घरं पलीकडे बसून ऐकत होता. एका पायात चप्पल घालून धावत आला बिचारा! हळद लावून घेतली, जेवला, आणि दुसऱ्या दिवशी बांध होता तिथे आणून ठेवला. पंचायतीला तीन वर्षं जमलं नव्हतं ते एका ओळीने केलं. तेव्हापासून आमच्याकडे लोक लग्न चुकवायच्या आधी दहादा विचार करतात.

आता मुख्य गोष्टीला येतो. अध्यक्ष महाराज, तुमची परवानगी आहे ना? तुमच्याच मांडवात घडली आहे. मान हलवली, म्हणजे आहे.

सन दोन हजार तीन, मे महिना. बाळारामशेठांच्या लेकीची, करिष्माची हळद. त्याच्या दहा दिवस आधी आमच्या पार्टीचा ढोलकीवाला हमजा लूमवरून ड्युटी संपवून निघाला. तो बघा, स्टेजच्या कोपऱ्यात ढोलकी घेऊन बसलाय. तर त्या दिवशी जवळच्या एका गोडाऊनमधून कापडाचे तागे गेले अशी बोंब झाली होती. पोलिसांनी फाटकावरच पाच जणांना उचललं. हमजा त्यात. दोन दिवस चौकीत ठेवलं आणि तळहातावर, बोटांवर पट्ट्याने मारलं. कुठली चौकी ते मी सांगत नाही, तुम्ही विचारू नका. ढोलकीवाल्याची बोटं हो! तिसऱ्या दिवशी ते तागे गोडाऊनमध्येच दुसऱ्या थप्पीमागे सापडले. मग चौकीचे साहेब म्हणाले, जा घरी, गैरसमज झाला.

हमजा दोन्ही हात प्लास्टरमध्ये घेऊन घरी आला. त्याची आई, सफियाखाला, तक्रार लिहवायला गेल्या, तर तिथे म्हणाले, जिन्यावरून पडला असं लिहून देतो, सही करा. खालांनी सही केली नाही. त्या सरळ माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "अनंता, तुम लोग सबके दरवाजे पे बजाते हो. एक बार मेरे बेटे के लिए बोलो ना." आणि मी, तुमचा अनंता मास्तर, काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, "खाला, हम बजानेवाले लोग, बोलनेवाले नहीं."

असं मी का म्हणालो? मला माझ्या गुरूने तेच शिकवलं होतं. मांडवात कान उघडे, तोंड बंद. वरातीच्या परवानगीचा कागद चौकीतून येतो. म्हणून तर आमची प्रत्येक वरात चौकीसमोर थांबायची, साहेबांना सलामीची एक धून वाजवायची, आणि मगच पुढे सरकायची. वर्षानुवर्षं सलामी देऊन देऊन आमची मान त्याच कोनात राहिली होती.

 खाला उठल्या आणि रंगूबाईंकडे गेल्या.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी पाचला मांडव भरला. पहिल्या रांगेत कोण? तेच साहेब. शेठनी त्यांना आमंत्रण दिलं होतं. द्यावं लागतं, गावाची रीत आहे, त्यात शेठचा दोष नाही. सोबत साहेबांच्या मिसेस. वहिनी देशावरच्या, हौशी बाई. धवला कधी ऐकला नव्हता. शेजारणीने समजावलं, रंगूबाई म्हणेल ते आपण म्हणायचं. वहिनींनी पदर खोचला, हातात हळदीची वाटी घेतली आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणायला लागल्या. आवाज खणखणीत! मी मनात म्हटलं, ही बाई आमच्या पार्टीत पाहिजे होती.

देव झाले, वाडवडील झाले, मामा-मावश्या झाल्या. मग रंगूबाईंनी घसा साफ केला आणि न आलेल्यांवर आल्या.

कोन नाय आयला गो, कोन नाय आयला?
ढोलकीवाला हमजा गो मांडवी नाय आयला.
कशापायी गो, कशापायी नाय आयला?
चौकीमंदी सायबानी त्याचा हात मोडला.

आणि नेमकं त्याच वेळी व्होल्टेज वाढलं. बेंजो असा किंचाळला की शेवटची ओळ कुणाला ऐकूच गेली नाही. व्होल्टेजची ही गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, पाच वर्षं आपण ती एकमेकांना सांगतोय. रंगूबाई उठल्या, माझ्यापाशी आल्या, हळदीने भरलेला हात त्यांनी बेंजोच्या बटणांवर ठेवला. बेंजो गप्प झाला. मग तिथेच उभं राहून, माझ्या माईकमध्ये, त्यांनी ती ओळ पुन्हा टाकली.

आणि बायांनी उचलली! हमजा कोण, चौकी कुठली, साहेब कुठे बसलेत, कुणी काही पाहिलं नाही. टाकली, उचलली. आणि सगळ्यांत वर आवाज कुणाचा? वहिनींचा! "चौकीमंदी सायबानी त्याचा हात मोडला!" अगदी ताल धरून. दुसऱ्यांदा म्हणताना त्या मध्येच अडखळल्या. वाटी खाली ठेवली. नवऱ्याकडे वळल्या आणि भर मांडवात विचारलं, "अहो, हे खरं आहे का?"

साहेब सरबताचा ग्लास ठेवून फोन आला म्हणून उठले. फोन वाजला नव्हता, हे सगळ्यांना दिसलं. वहिनी मात्र उठल्या नाहीत. त्या हळद पूर्ण होईपर्यंत बसल्या. त्या माउलीचं मला आजही कौतुक वाटतं, घरी गेल्यावर काय झालं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

सकाळी बाळारामशेठनी आपली जीप काढली. लेकीचं लग्न संध्याकाळवर, आणि हा बाप सफियाखाला, रंगूबाई आणि आठ बायांना घेऊन ठाण्याला मोठ्या साहेबांच्या ऑफिसात! दवाखान्याचा कागद खालांनी जपून ठेवला होता. तो जपा म्हणून त्याच चौकीतल्या एका हवालदाराने कानात सांगितलं होतं, हेही आज बोललं पाहिजे. मोठ्या साहेबांनी विचारलं, तक्रार कुणाची? तर दहाच्या दहा बायांनी हात वर केले, सगळे पिवळेजर्द. तक्रार लिहिली गेली. चौकशी लागली, साहेबांची बदली झाली. खटला अजून चालू आहे, तारखा पडतायत. प्रत्येक तारखेला हमजा जातो आणि रंगूबाई बरोबर जातात, पिशवीत तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन. वकीलसाहेब म्हणे आता तारखेपेक्षा चटणीची वाट बघतात.

आम्हाला त्रास झाला का? झाला. आठ महिने वरातीची परवानगी मिळेना. आज साहेब नाहीत, उद्या या. पण कामतघरच्या लोकांनी काय केलं? वरातच काढली नाही. नवरे पायी चालत गेले आणि बाया माईकशिवाय गायल्या. लूमच्या खडखडाटात बोलायची सवय असलेल्या बाया आमच्या, त्यांना माईक कशाला लागतो? आठ महिन्यांनी कागद आपोआप मिळायला लागले. आणि चौकीसमोरची सलामी त्या दिवसापासून बंद झाली ती झालीच.

शेलारचे मास्तर, पडघ्याचे मास्तर, आता तुम्हाला विचारतो. वाजवणाऱ्याचं काम नुसतं वाजवणं, असं आपण किती दिवस म्हणायचं? ज्याच्या बारशाला आपण वाजवलं, ज्याच्या बहिणीच्या वरातीत आपण घाम गाळला, त्याला विनाकारण मारलं तर आपली वाद्यं मुकी का होतात? अहो, अख्ख्या वस्तीत माईक कुणाकडे असतो? आपल्याकडे! चारशे माणसं गप्प बसून कुणाचं ऐकतात? आपलं! सुखात आपण लोकांच्या घरात शिरतो, पंगतीला बसतो, मानाचा नारळ घेतो. मग मार पडल्यावर आपण बाहेरचे कसे झालो? मोर्चा काढा, भांडा, असं मी म्हणत नाही. नाव घ्या. कारणासकट घ्या. बाकीचं लोक उचलतात.

रंगूबाई, हे तुम्ही मला शिकवलंत. शाळेत चौथीच्या पुढे गेला नाहीत, पण मला पन्नाशीत धडा दिलात. काय म्हणता? "पुरं जालं." होय, संपवतोच.

या सोहळ्यासाठी समाजमंदिर देणाऱ्या मंडळाचे, जेवण रांधणाऱ्या भगिनींचे, आणि अजून लाईट न घालवणाऱ्या वीजवाल्यांचे मनापासून आभार. प्रत्येक बोलणारा शेवटी म्हणतो, काही चुकलं असेल तर पोटात घाला. मीही म्हणणार आहे. पण माझी चूक आजच्या भाषणातली नाही, म्हणून ती रंगूबाईंच्या रीतीने सांगतो, नावानिशी आणि कारणासकट.

हमजा, इकडे बघ. तू मला दोनदा विचारलंस, "अनंताभाई, तुम्हारे बेंजो के चार बटन पीले कायको हैं?" मी म्हणालो, शगुन आहे, पुसायचं नसतं. शगुन नव्हतं ते. त्या दिवशी व्होल्टेज वाढलं नव्हतं हमजा. आवाज मी वाढवला होता. साहेब समोर बसले होते, मी घाबरलो, आणि साहेबांवरची ती ओळ मांडवात ऐकू जाऊ नये म्हणून मी स्वतःच्या हाताने आवाजाचं बटण पिळलं. रंगूबाईंनी हळदीचा हात ठेवला आणि माझ्या कानात एवढंच म्हणाल्या, "अनंता, हात काढ." पाच वर्षं त्यांनी हे कुणाला कळू दिलं नाही. तुझी दोन बोटं अजून वाकत नाहीत, तरी तू माझ्या शेजारी बसून तळव्याने ढोलकी वाजवतोस, आणि मी रोज ती बटणं दाबतो. सफियाखाला, तुमचीही माफी मागतो. मोठं मन करा असं म्हणायचं तोंड मला नाही.

येत्या रविवारी पडघ्याला हळद आहे. रंगूबाई आता गाणार नाहीत, त्यांची नात मृणाली गाणार. पोरी, तुला ज्याचं नाव घ्यायचं असेल त्याचं घे. माझ्या बेंजोचा आवाज तुझ्या आवाजाखाली राहील, हा माझा शब्द.

आता समारोपाला सगळ्यांनी मिळून धवला म्हणायचा आहे. हमजा, ढोलकी तुझ्यापुढे आहे. सवय म्हणून वाजवू नकोस. माझ्यासोबत वाजवायचं की नाही हे तू ठरव, नाही म्हणालास तरी मला राग नाही. मी इथेच उभा आहे.

...ऐकलीत थाप? ऐकलीत ना सगळ्यांनी?

रंगूबाई, डोळे मागाहून पुसा. ओळ टाका.