पाच लिटरचा आहेर

पुन्हा सांगू? अहो, सांगताना घसा कोरडा पडतो आणि पाणी मागायची सोय नाही, दिवसाला एक लिटर, तेही मोजून! ...बरं, बसा. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त करतोय, आजवर कुणी मला वेडा म्हटलं नव्हतं. मग थोरले जावई आले, हातात ही एवढी बाटली, "मामा, रोज पाच लिटर! शरीर धुऊन निघतं!" शरीर म्हणजे काय मोरी आहे? पण जावई पडले, प्यालो. वर ब्लडप्रेशरची ती लघवीची गोळी चालूच. आठवड्यात मळमळ, डोकं जड, चालताना झोकांड्या. सून म्हणते, "वय झालं, दुसरं काय!"

आणि एका दुपारी मी शेजाऱ्यांचं दार आपलं समजून हत्यारांनी उघडलं, आत बसलो, शेजारीण बाहेरून आली तर तिलाच म्हणतो, "चहा टाक गं!" ...कुलपावर एक ओरखडा नाही हो! पण ते कोण बघतंय? मुलाने हत्यारांची पिशवी काढून घेतली, दुकानाची किल्लीही. "बाबा, आता पुरे. वय झालं, दुसरं काय!" पिशवी गेली म्हणजे मी उरलो कुठे, सांगा? आमची ही तेवढी कडाडली, "आधी रक्त तपासा, मग म्हातारा म्हणा!"

तपासलं. सोडियम एकशे अठरा! हवं एकशे पस्तीसच्या वर. म्हटलं, मीठ कमी पडलं होय? द्या मूठभर, खातो आणि जातो घरी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, मीठ नाही कमी पडलं, पाणी जास्त झालंय, त्यात ती गोळी. आणि सोडियम घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होते. हळूहळू घेऊ." हळूहळू म्हणजे काय, तर दर चार तासांनी रक्त काढायला सुई! हाताची चाळण केली नुसती!

दवाखान्यातल्या पाचव्या दिवशी एकशे छत्तीस. मुलाने पिशवी आणून मांडीवर ठेवली, खालमानेने म्हणाला, "चुकलं, बाबा." सूनही म्हणाली. शेजाऱ्याने तर नवं कुलूप बसवायचं काम मलाच दिलं, "तुम्हालाही उघडणार नाही असं बसवा!"

आणि बाटलीवाले? फोनवर काय म्हणतात, "मामा, मी तेव्हाच म्हणत होतो, इतकं पाणी बरं नाही!" ...आता काय बोलायचं? विसरले असतील. वय झालं, दुसरं काय! सगळ्यांचं 'चुकलं' म्हणून झालं, एकच राहिलेत... आमचे थोरले जावई.