हाय तसा फोटो

माझं माहेर गडहिंग्लजच्या खालच्या अंगाचं, कानडी मुलखाला लागून. आमच्यात आईला अव्वा म्हंत्यात आणि भांडण मराठीत करत्यात. लगीन करून इचलकरंजीला आले, तर मागांच्या खडखडाटानं महिनाभर डोकं धरून बसले, मग सवय झाली, आता लाईट गेली आणि माग थांबलं की जीव घाबरतोय. आमचं हे, माझ्या पोरीचं वडील, माग चालवायचं आणि मी त्याच शेडमध्ये कांड्या भरायची. कांडी म्हंजे धोट्यात बसती ती सुताची नळी, आणि धोटा म्हंजे लाकडाचा, दोन्ही टोकाला लोखंड, सुतातनं इकडनं तिकडं पळतोय नुसता.

तो धोटा उडू नये म्हणून मागाला जाळी असती. आमच्या शेडमध्ये ती काढून ठेवलेली, तुटलेला धागा जोडताना आडवी येती म्हणून. मी तीनदा सांगितलं हुतं. कारखानदाराला आम्ही अण्णा म्हणायचो, अण्णा म्हणाला शोभाक्का, लावू की दिवाळीनंतर. दिवाळीच्या आधीच धोटा उडाला. डोळ्याखालनं जबड्यापतोर गाल फाटला, ओठाचा कोपरा वर ओढला गेला तो तसाच हाय, बघा. मी हसत नसले तरी हसल्यागत दिसती. मयतीला गेले तरी हसल्यागत. अण्णा दवाखान्यात मोसंबी घेऊन आला, म्हणाला डोळा वाचला हे काय कमी हाय काय. आणि मलाबी तवा वाटलं, व्हय की, डोळा वाचला. गालाची जखम भरल्यावर गेले परत कांड्या भरायला, पदराचा काठ दातात धरून.

दाव्याचं माझ्या डोक्यातबी न्हवतं हो. काय सांगू तुम्हाला, जावंच्या पोरीचं डोहाळजेवण आलं. ती पोरगी मी कडंवर घेऊन वाढवलेली. साडी घेतली, ओटीचं तांदूळ घेतलं, गेले. जाऊ दारातच म्हणाली अक्का, वाईट वाटून घेऊ नगा, पोटुशीनं असलं तोंड बघू नये म्हंत्यात, तुम्ही आत सैपाकघरात बसा. बसले की. भायेर गाणी चाललेली आणि मी पुऱ्या लाटत हुते. जेवल्या बायका, पुऱ्या चांगल्या झाल्यात म्हणाल्या. मी नेलेली ओटी जावंनं तिच्या हातानं पोरीला भरली.

दुसऱ्या दिवशी गेले वकिलाकडं. सगळं सांगितलं, डोहाळजेवणाचं पहिलं. वकील म्हणाला तोंडाची भरपाई कायद्यात हाय, पण हे ओटीबिटीचं कागदात बसत न्हाय, फोटो आणा. मी म्हटलं अवो माझं गेलंय ते हेच गेलंय, तुम्ही दुसरं काय लिहिणार? तो म्हणाला मावशी, फोटो आणा.

आता माझी चूक ऐका. चौकात एक फोटोवाला हाय, गल्लीतल्या सगळ्या पोरींचं स्थळाला द्यायचं फोटो तोच काढतोय. काळी असली तर उजळ करतोय, कांजिण्यांचं वण पुसतोय, कुणी सांगावं लागत न्हाय. कोर्टाला पाहिजे म्हणून सांगायची मला लाज वाटली, नुसतं फोटो काढ म्हटलं. संध्याकाळी पाकीट दिलं, म्हणाला वैनी, चांगला केलाय. बघते तर डाग न्हाईच म्हणा, ओठ सरळ. तुम्हाला खरं सांगते, मला तो फोटो आवडला. घरात पोरीलाबी दाखवला न्हाय, एकटीच बघत बसले. दुसरा काढाय पाहिजे हे कळत हुतं की, एवढी काय मी येडी न्हाय. पण वाटलं, कोर्टातल्या साहेबानं तरी मला आधीची बघावी. तोच दिला. वकिलानं पाकीट उघडलंबी न्हाय, तसंच फायलीला लावलं.

कोल्हापूरला तारखा करून करून चपला झिजल्या, मग एकदा उभी केली. अण्णाच्या वकिलानं फोटो वर धरला, म्हणाला बाई, हा तुमचाच न्हवं? म्हटलं व्हय. अपघातानंतरचा? व्हय. मग ह्यात कुठं काय झालंय? मी पदराचा काठ परत दातात धरला. साहेबांनी पदर बाजूला करायला सांगितला. केला. सगळी बघाय लागली, साहेबांनी एकदा बघितलं आणि मान खाली घालून लिहाय लागले. तो वकील म्हणाला साहेब, कांड्या हातानं भरत्यात, तोंडानं न्हाय. काही जण हसले. मीबी हसल्यागतच दिसत असणार.

निकाल काय, तर दवाखान्याचा खर्च आणि घरी बसल्या दिवसांचा पगार द्या. तोंडाचं काय न्हाय, काम जसंच्या तसं हुतंय म्हणं, आणि फोटोत डाग ठळक दिसत न्हाय म्हणं. जिन्यात अण्णा भेटला, म्हणाला आधी मला बोलली असतीस तर कोर्टापतोर यायला लागलं नसतं. तीनदा बोललेली मी, जाळीचं.

आता वकील म्हणतोय वरच्या कोर्टात जाऊ, नवा फोटो आणा. काल गेलते त्याच फोटोवाल्याकडं. ह्या खेपेला सांगितलं सगळं, म्हटलं बाबा, हाय तसा काढ. त्यानं काढला, पैसे घेईना. त्याच्यावर राग न्हाय माझा, त्याचं चांगलं होवो, माझ्या तोंडासाठी कुणी काय केलं असलं तर त्यानंच केलं.

पोरीला आता दोन्ही फोटो दाखवलं, ती म्हणती आई, तो पहिला मोठा करून लावूया. मी म्हटलं न्हाय, मी गेल्यावर भिंतीला हाच लाव, हाय तसा. आणि घरात कुणाची ओटी भरायची असली, तर तेवढ्यापुरता उतरून सैपाकघरात ठेव. मला तिथं बसायची सवय हाय.