नाव मागाहून

— नाही, आधी ते लिंबूपाणी घ्या, मग बोला. ऐकलं मी तुमचं. शनिवारी मैदानावर हॉलिस क्रेनचा निरोप आहे, त्याच्या नावाची पितळी पाटी बसणार, तिच्यावरचं फडकं एल्मर डुडेकनं ओढावं — म्हणजे मी — आणि चार शब्द बोलावेत. जुना मित्र म्हणून. असंच म्हणालात ना? मित्र? हा शब्द तुम्हाला कुणी दिला? त्यानंच? … हं. दुसरा कुणी नको, एल्मरच पाहिजे, असं म्हणाला. — बसा हो बाई, उभ्या उभ्या काय बोलायचं. उत्तर देतो, आजच देतो. पण तुम्ही कुणाचं मीठ खाता ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला? मार्चपासून कामाला! मार्चपासून भट्टीवाले या आमच्या बेसबॉल संघाच्या ऑफिसात, आणि मला भट्टीवाल्यांची महती सांगायला आलात. सांगा, संघ कुणाचा? न्यूयॉर्कच्या भागीदारांचा. बरं. त्यातल्या एकाचं तोंड पाहिलंय? नाही ना. मीही नाही. बँकेच्या खात्याला तोंड नसतं.

पूर्वी मालकाला तोंड असायचं. पहिला म्हातारा राइनहोल्ड, बीअरवाला. बीअर खपावी म्हणून त्यानं संघ काढला — मी त्याची निंदा करत नाही, तोच सांगायचा. चेंडू हवेत असला की माणसाला तहान लागते, म्हणायचा. चिक्कू, पण उघड चिक्कू. म्हातारा गेला, तेव्हा मुलगे म्हणाले विकून टाका. मुलगी म्हणाली, हात तर लावून बघा. ती ॲडलेडबाई. मैदानाच्या फाटकापाशी पुतळा आहे तो त्यांचाच, टोपी घातलेला. रोज त्याच्यासमोरून जाता ना? थांबलात कधी? नाही थांबलात. आता थांबा.

त्यांच्यासारखा मालक झाला नाही. खेळाडूंच्या बाकामागे पहिल्या रांगेत बसायच्या, मांडीवर डबा, सँडविच स्वतः बांधून आणलेलं. माझी आई गेली तेव्हा आमच्या पोलिश कॅथलिक चर्चमध्ये आल्या — बर्फ पडत होतं, गाडी अडकली, तर चालत आल्या — आणि शेवटच्या बाकावर बसल्या. प्रॉटेस्टंट बाई, कधी उठायचं कधी गुडघे टेकायचे ते ठाऊक नाही. पुढच्या बाकावरची भट्टीतली माणसं काय करतात ते बघून बघून करत होत्या. माझा बाप आयुष्यभर लोखंडाच्या भट्टीपुढे उभा राहिला, त्याच्यासाठी कुणी मालक कधी गुडघ्यावर आला नाही. आईसाठी आला. विसरायचं असतं का हे? नाही विसरायचं.

आणि शब्द. मला दुसरीकडून मागणी आली होती, जास्त पगाराची. बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, एल्मर, संघ माझा आहे तोवर तू इथंच चेंडू झेलशील. कागद नाही, वकील नाही. हातमोजा काढून हात पुढे केला. मी मागणी परत पाठवली. आयरीन, माझी बायको, म्हणाली, लिहून तरी घ्यायचं होतंस. मी म्हणालो, भट्टीतला माणूस लिहून घेत नाही.

हॉलिस ना? येतो, येतो हॉलिसवर. घाई नाही मला, तुम्हाला असली तर तुमची. हॉलिस आणि मी खालच्या दर्जाच्या संघात असताना एका खोलीत राहिलो. एक खाट नि एक गादी, खाटेसाठी नाणं उडवायचो, नाणं त्याचं, खाटही त्याचीच. पुढे त्याचा हात मोडला, खेळ संपला, पण डोकं शाबूत — बाईंनी ऑफिसात घेतलं, मग कारभारी केलं. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, सगळं त्याच्या हाती. तेव्हापासून मालक बदलले, हॉलिस नाही. बाईंनंतर प्रुइट आला, मोटारी विकणारा — खेळ चालू असताना मैदानाच्या कडेला नवी गाडी फिरवायचा. मग प्रुइटचे पोरगे, त्यातल्या एकाला चांगला फेकणारा हवा होता आणि दुसऱ्याला खानावळ, शेवटी खानावळच झाली. आता तुमचे बिनतोंडाचे. आणि सगळ्यांच्या उजव्या हाताला कोण? हॉलिस क्रेन. विचारा ना, कसा टिकला? प्रत्येक नवा मालक बळी मागतो. हॉलिस बळी द्यायचा. फक्त स्वतःचं मुंडकं सोडून.

माझं दिलं ना त्यानं. सगळ्या गावाला ठाऊक आहे, तुम्हालाच कसं नाही? ऑगस्ट होता, आम्ही दुसऱ्या नंबरावर, डावखुरा फेकणारा पाहिजे होता. पश्चिमेकडच्या एका संघाकडून हॉलिसनं तो आणला. बदल्यात आमचा एक पोरगा — आणि वर एक खेळाडू, नाव मागाहून. ही आमच्या धंद्याची रीत. माल आज घ्यायचा, त्याच्या बदल्यात कोण जाणार ते हंगाम संपल्यावर सांगायचं. तोवर ज्याला त्याला वाटतं, आपण नाही. मला तर खात्रीच. माझ्याकडे शब्द होता! मी सगळ्यांची टिंगल करायचो. कुणाचा चेंडू सुटला की मी ओरडायचो, काय रे मागाहून, बॅग भरली का? बेनी सोटो बिचारा, त्याच्या कपाटावर रोज खडूनं लिहायचो, मागाहून. बायकोला फोन करून रडला म्हणे तो. दर रविवारी हॉलिस आमच्याकडे जेवायला, आयरीन कोबीच्या पानात मटण गुंडाळून करायची ते त्याला फार आवडायचं, आणि मी टेबलावर विचारायचो, सांग की रे, सोटोच ना? तो खाली मान घालून खायचा. म्हणायचा, आयरीन, अजून एक वाढ.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी हॉलिसचा फोन आला. एल्मर, तूच आहेस. बस, एवढंच. तूच आहेस. आयरीन हातात ताट घेऊन उभी, मी तिला म्हणालो, मीच आहे. ती म्हणाली, काय तू?

आणि वेळ कशी साधली बघा. एप्रिलात मला दहा वर्षं भरत होती. दहा वर्षं झालेल्या माणसाला त्याच्या मर्जीविना कुठं पाठवता येत नाही, असा नियम. म्हणजे एप्रिलनंतर मी नाही म्हणालो असतो आणि सगळ्यांना गप्प बसावं लागलं असतं. त्याच्या आत उडवलं. तिकडे पोचलो तर पोरांना आधीच कळलेलं. ए मागाहून, पाणी दे. ए मागाहून, तुझं नाव काय रे? उरलेले दिवस बाकावर बसून काढले, गुडघे गेले, परत आलो, शाळेची बस चालवली. हॉलिसशी त्यानंतर एक शब्द नाही. गल्लीत दिसला तर मी रस्ता ओलांडतो. आयरीनच्या मयताला आला होता, तेव्हाही मी हात दिला नाही. हा मित्र!

काय? … मालक कोण होता तेव्हा? प्रुइट. प्रुइटच, दुसरा कोण. मोटारवाल्याला जुनी माणसं नकोच होती, तो म्हणाला असेल, संघ माझ्या हाती यायच्या आत झाडून द्या — म्हणजे — नोव्हेंबरात त्याच्या हाती नव्हता म्हणा. किल्ल्या जानेवारीत मिळाल्या. … वाचून आलात वाटतं. हो. नोव्हेंबरात संघ बाईंचाच. मग काय झालं? सही कारभाऱ्याची असते. … बरं, मालकाला विचारल्याविना नाव देता येत नाही, मला शिकवू नका, मी त्या ऑफिसात तुमच्या आईच्या जन्माआधी गेलोय! विचारलं असेल. त्या आजारी होत्या, वय झालं होतं, काय वाचलं काय नाही — हॉलिसनं पुढे केलं असेल, त्यांनी — नाही हो, त्या वाचल्याशिवाय सही करत नसत. बीअरच्या बिलावरसुद्धा नाही.

कुत्रं होतं बाईंकडे. लहानसं, घसा बसलेलं, दिवाणखान्यात पुरुष उभा राहिला की भुंकत सुटायचं, बसला की गप्प. त्या फोनवर हॉलिस म्हणाला तूच आहेस, आणि मागे ते कुत्रं भुंकत होतं. सबंध वेळ. म्हणजे हॉलिसला त्यांनी बसासुद्धा म्हटलं नव्हतं. उभं करून माझ्याकडे फोन लावायला लावला. आणि त्या तिथंच असणार, खुर्चीत. ऐकत. त्यांनी फोन हातात घेतला असता तर — एल्मर, मला विकावं लागतंय, मोटारवाला अडून बसलाय — मी म्हणालो असतो, हरकत नाही बाई. खरंच म्हणालो असतो.

हॉलिसनं कधी सांगितलं? कधीच नाही. गाव त्याच्या तोंडावर थुंकायचं बाकी होतं. त्यानं बाईंचं नाव काढलं नाही. … हो. मला ठाऊक होतं. त्याच दिवशी. मग काय करायचं होतं? त्या बर्फातून चालत आलेल्या बाईला खोटारडी म्हणायचं? आईच्या मयताचाही मग हिशेब लावायचा का, की तेव्हाही खेळाडू हातचा जाऊ नये म्हणून आल्या? नाही. माणसाला एकालाच दोष देता येतो, आणि हॉलिस तो घ्यायला तयार होता. शनिवारी मी त्याच्या शेजारी उभा राहिलो, हात मिळवला, की लोक विचारणार, मग केलं कुणी? आणि तो पुतळा तिथंच, फाटकापाशी. म्हणून नाही. जमणार नाही. हेच उत्तर. त्याला सांगा, एल्मर अजून रागावलेला आहे. एवढंच सांगा, कुत्र्याचं नाही.

… का? रडायला काय झालं तुम्हाला? कुणाकडे बघताय? गाडीत — गाडीत कोण आहे? मला वाटलं ड्रायव्हर. … आधी सांगायचं नाही? इतका वेळ तो तिथं, माझ्या घराच्या फाटकाला लागून, आणि काच खाली? बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत जायचा माझा आवाज, आणि तुम्ही —

दार उघडतोय तो. नको म्हणावं. बाई, जा, वाट अडवा, त्याला पायऱ्या चढू देऊ नका. ते लिंबूपाणी राहू दे. जा म्हणतो ना! — हॉलिस, बस. गाडीत बस. एक शब्द बोलू नकोस.