भरलेलं पिंप

भोरच्या स्टँडवर मार्गासनीच्या एसटीची वाट बघत होतो. मागच्या बाकावरून एका म्हातारीचं आणि तिच्या शेजारणीचं बोलणं ऐकू आलं.

“बनाकाकू, टँकरचं पाणी आमाला पुरंना. तुमचं पिंप भरल्यालं कसं?”

“धुण्याचं पाणी संडासाला वापरते. आंघुळ दोन तांब्यात उरकते. आमचा संजय म्हणला, गावात पाणी न्हाई, पोरांस्नी कसं आणू? म्हणून साठवलं.”

“मग आली का पोरं?”

“पिंप भरलं म्हणून फोन केला. तर म्हणला, आता सुट्टी संपली.”

“मग एवढ्या पाण्याचं काय करणार?”

“तूच ने की.”

“व्हय? मंग सांजच्याला पाईप टाकते.”

“पाईप नगं, बाई. हंडा घेऊन ये. चार खेपा व्हतील, तेवढंच तुझं येणं-जाणं हुईल.”