सुतळीने बांधलेली केळी

...तर मघाशी आबा म्हणाले तेच पुढे नेतो, की आपल्या गावाने देशाचं नाव परदेशात पोचवलं. सन्माननीय अध्यक्ष भाईदासआबा, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आज ज्यांना निरोप देतोय ते शेतकी खात्यातले आपले तोतारामभाऊ, आणि माताभगिनींनो, बंधूंनो, ते कसं पोचवलं, हे मी सांगू का? दुभाषा मीच होतो.

गेल्या माघात सरकारने पाच परदेशी पाहुणे रावेरकडच्या केळीबागा बघायला धाडले. आपण लगेच स्वागत समिती नेमली. नव्या देशाची छाप पडायला नको? रस्त्याकडेच्या भिंतींना चुना, वेशीला कमान, भुसावळहून बँड. पण बागेत बघतो तर घड हिरवेगार! माझ्या इंग्रजी शाळेच्या पुस्तकात झाडावरची केळी पिवळीधमक असायची. मी समितीत जोरदार भाषण केलं. आबांना पटलं. पिकवायच्या खोलीतून फण्या काढून आपण त्या सुतळीने झाडांना बांधल्या.

बांधता बांधता आपली अमळनेरकडची भिकुबाई म्हणाली, "दादा, आपण ते हिरवंच कापतस ना? मंग हाई कोनले दखाडनं शे?"

मी म्हटलं, "जगाला!"

पाहुणे कुठल्या देशाचे, एवढं मात्र कुणी विचारलं नाही. ते निघाले केळी पिकवणाऱ्या देशाचे. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने फणीला हात लावून विचारलं, "झाडावर पिकणारी ही जात कोणती?" मी सांगणार होतो, 'खास रावेरी.' पण तोतारामभाऊंना हसू आवरेना. त्यांनी विळ्याने सुतळी कापली आणि फणी पाहुण्याच्या हातात ठेवली.

म्हातारा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. म्हणाला, "मंत्री आले की आम्हीही हेच करतो. फक्त दोरी हिरवी वापरतो." मग दोन तास तो भाऊंबरोबर बांधावर बसून खत, पाणी, कंद विचारत राहिला. बँडवाले कमानीखाली ताटकळले.

'राष्ट्राच्या प्रतिष्ठेस बाधा' असा भाऊंविरुद्ध तक्रारअर्ज वर गेला. इंग्रजी माझं, सह्या समितीच्या. म्हणून भाऊ उद्या बदलीवर अक्राणीला चालले. तीन पोरं, आजारी पत्नी यशोदाबाई आणि सातपुड्याचा तो घाट.

आणि परवा त्या म्हाताऱ्याचं पत्र आलं. लिहितो, 'दौऱ्यात सगळीकडे कमानी पाहिल्या. शेत एकाच माणसाने दाखवलं.' आबांची सूचना अशी, की पत्र चौकटीत बसवून समितीच्या कचेरीत लावावं. सूचना सुंदर आहे, आबा. पण हेच पत्र खात्याला पाठवलं तर बदली रद्द होऊ शकते. फक्त सोबत सुतळीची हकिगत लिहावी लागेल, आपल्या नावांनिशी.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. लहान तोंडाने जास्त बोललो असेन तर पोटात घाला. अर्ज मी लिहून आणलाय, पहिली सही माझी आहे. भाऊंच्या गळ्यात हार पडण्याआधी एवढंच सांगा, मंडळी, पत्र भिंतीवर लावायचं की पाठवायचं?