पंचांचा सत्कार

पंचानं मोबाईलवर बघून निकाल द्यायचा, याला माझा सक्त विरोध होता. तो कसा मावळला, ते सांगतो.

तेरला बायकांच्या खो-खोची फायनल होती, तेर विरुद्ध भूम, आणि पंच मी. अगदी शेवटच्या सेकंदाला तेरच्या पोरीनं भूमच्या कप्तानावर, कवितावर, झेप टाकली. मी शिट्टी फुंकली, "बाद!" कविता बाद म्हणजे कप तेरचा. ती टिकली असती तर भूमचा.

कवितानं मैदानातच मांडी घातली. "हात लागलाच न्हाय, सर. व्हिडिओ बघा."

"पंचाचा निकाल शेवटचा. ऊठ!"

"बघितल्याशिवाय उठणार न्हाय."

दहा मिनिटं झाली तरी बाई हलेना. शेवटी तेरच्याच एका मावशीनं आपला मोबाईल पुढं केला. व्हिडिओत झेप टाकणारी आडवी आली होती, त्यामुळं हात लागला का न्हाय ते कळेना. आवाज मात्र खणखणीत होता. माईकवाला सांगत होता, "आता आपल्या ज्येष्ठ पंचांचा सत्कार!" आणि मागं मी, स्टेजकडं मान वळवून शिट्टी फुंकतोय.

कविता म्हणाली, "हात दिसत न्हाय सर, पण तुम्ही लई स्वच्छ दिसताय."

न बघता दिलेला निकाल मी तिथंच मागं घेतला. कप भूमला गेला.

सत्कार काही चुकला न्हाय. नारळ द्यायला जिंकलेली कप्तान बोलावली, म्हणजे कविताच. माझं लक्ष फोटोवाल्याकडं.

ती हळूच म्हणाली, "सर, इकडं बघा."