दोन्ही डावे

पाटोद्याच्या स्टँडवर तुळजाबाई बीडच्या गाडीची वाट बघत होत्या, पण कान शेजारच्या मायलेकींकडे होते. आई पिशवीतून काहीतरी काढत होती.

“घालून बघ, ऋतुजा. दुकानातले सायकलचे हातमोजे लई महाग, मंग म्या घरीच शिवले. तुझ्या बापाची जुनी जीन हाय, आन तळव्याला दप्तराच्या पट्ट्यातला फोम.”

“माय, कसला मऊ हाय ग!”

“उद्या शर्यतीत हाताला फोड आले न्हाई म्हंजी झालं. दुसरा घाल की.”

“बसंना.”

“कावून?”

“ह्यो बी डाव्याच हाताचा हाय. तू दोन्ही डावेच शिवलेस.”

“अगं बया! ऊसतोडीला डावाच लागतो ना. ऊस त्याच हातानं धरायचा, पाचट तिथंच चिरतं. दरसाली एकच डावा शिवायची सवय पडली बघ.”

“आन उजव्याला?”

“उजव्यात कोयता असतो. कापड घातलं की मूठ सटकती.”

“आता उद्या काय करू मी?”

“आण इकडं. आतली बाजू भाईर केली की डाव्याचा उजवा होतो. घाल आता.”

“बसला की! पर शिवण वर आली.”

“दिसू दे. हात तर झाकला.”

“माय, म्हंजी इतके वरीस तुझा उजवा हात उघडाच?”

“गाडी लागली बघ. ऊठ.”

“आधी हात दाव.”

आईनं डाव्या हातानं पिशवी उचलली. उजवा पदराखाली गेला होता.